डाव्या खिशातला उमाळा

"मिस टिपणीस, हे तुमचं आहे का?"

डॉक्टर हळबे आपल्या शर्टाच्या डाव्या खिशाकडे बोट दाखवत उभे होते. खिशातून जांभळ्या रंगाचं, वांग्याएवढं काहीतरी डोकं बाहेर काढून बघत होतं. डोळे नव्हते त्याला, तरी बघत होतं.

"छे," मी म्हटलं. "माझं कसं असेल? मला कधी काही वाटतच नाही."

हे मी मान ताठ करून म्हटलं. त्या वयात मला ह्या गोष्टीचा भारी अभिमान होता. सड्यावरच्या त्या केंद्रात मला नोकरी मिळाली तीच मुळी ह्या गुणावर. मुलाखतीत त्यांनी मला एक करुण गोष्ट वाचून दाखवली, मी म्हटलं, "पुढचा प्रश्न?" मग एक विनोदी वाचली, मी म्हटलं, "पुढचा प्रश्न?" मग माझ्या खुर्चीखाली लवंगी फटाका लावला. तेव्हा मी काहीच म्हटलं नाही. माझी दातखीळ बसली होती. पण ती त्यांना मनाची स्थिरता वाटली आणि मी शंभर उमेदवारांत पहिली आले.

तर ते केंद्र. कोकणात समुद्रावर टेकलेला काळ्या जांभ्याचा एक सडा, म्हणजे उघडं पठार, त्याच्या मध्यावर एक खोल कोंड, आणि कोंडीत उतरायला पायऱ्या. दुपार झाली की कोंडीतल्या पाण्यावरून वाफ उठायची. तशी वाफ कुठेही उठते. पण आमच्या वाफेजवळ मनात काही खदखदत असलेला माणूस उभा राहिला, की ती वाफ गोळा व्हायची, तिला अंग यायचं, हातपाय फुटायचे, आणि ती तुरुतुरु चालायला लागायची. ह्यालाच उमाळा म्हणायचं. रागाचा उमाळा खेकड्यासारखा तिरका चालतो. आनंदाचा एका जागी ठरत नाही, छताला आपटत राहतो. दुःखाचा ओला आणि जड, मांडीवर बसला की पाय बधिर होतात. आणि प्रत्येक उमाळा ज्याच्याबद्दल असेल त्याला जाऊन चिकटतो. पोस्टमनवरचा राग पोस्टमनच्या पिशवीवर बसून गावात जाऊन आलेला मी पाहिलाय.

कोणाला खोटं वाटत असेल तर वाटू दे. मला तेव्हा त्याचा पगार मिळत होता.

"खोटं कशाला बोलतेस गो?" मागून गोठोसकरबाई म्हणाल्या.

ह्या आमच्या प्राणिशास्त्रज्ञ. सावंतवाडीच्या, वयाने आम्हा दोघांच्या आईएवढ्या, आणि जिभेला लगाम नाही. त्यांचा स्वतःचा एक जुना उमाळा होता, नवऱ्यावरच्या रागाचा. नवरा वारून कैक वर्षं झाली होती, पण बाईंनी त्याची एक चप्पल जपून ठेवली होती, आणि तो उमाळा दिवसभर त्या चपलेला चावत बसायचा. बाई म्हणायच्या, त्याच्यामुळे घरात माणूस असल्यासारखं वाटतं.

"मी खोटं नाही बोलत," मी म्हटलं.

बाईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की ब्रह्मांड आठवलं. मी तोंडातून आवाज काढला नाही. पण हळब्यांच्या खिशातून "किंऽक्!" असं ओरडणं ऐकू आलं.

"तुझाच," बाई म्हणाल्या. ही आमची चिमटापरीक्षा. मालकाला दुखलं की उमाळा ओरडतो. "आणि बसलाय कुठे बघ! डाव्या खिशात! थेट काळजावर!"

हळबे कानापर्यंत लाल झाले. मी खाली मान घालून वजनकाट्याचे काटे पुसायला लागले. ते स्वच्छच होते.

डॉक्टर हळबे म्हणजे केंद्राचे मुख्य. पस्तिशीचे, उंच, सभ्य, जेवताना पापड आवाज न करता खाणारे. सड्यावरच्या फुलांची लॅटिन नावं त्यांना पाठ होती आणि ती ते विचारल्याशिवाय सांगायचे. कोंडीच्या फाटकाला कुलूप असायचं. ते कुलूप उघडून पायऱ्यांनी खाली पाण्यापर्यंत जायचा अधिकार फक्त मुख्यांचा. आम्ही वर कठड्याशी उभं राहायचं आणि ते खालून ओरडून सांगतील ते टिपून घ्यायचं. "रंग करडा!" "लिहिलं!" "हात तीन!" "तीन?" "तीनच!" अशी आमची विज्ञानाची सेवा.

त्या रात्री अंथरुणावर पडून मी स्वतःची तपासणी केली. कुमुद, म्हटलं, तुझं ह्या माणसावर प्रेम आहे का?



मी डोळे मिटून त्यांचं नाक आठवून पाहिलं. ठीक होतं. आवाज आठवला. तोही ठीक. घोगऱ्या आवाजात "ट्रायकोफोरम" की असंच काहीतरी म्हणाले होते, ते आठवलं आणि मला गाढ झोप लागली.

दुसऱ्या कोणी मुलीने ह्यावरून काय ते ओळखलं असतं. पण मी शास्त्रज्ञ. मला काय वाटतं ह्याला काय किंमत? काटा काय दाखवतो ते महत्त्वाचं. आणि काटा दाखवत होता, की मी आकंठ प्रेमात आहे. उमाळ्याचं वजन रोज वाढत होतं. रात्री आम्ही त्याला बरणीत ठेवायचो; सकाळी झाकण काढलं की तो जो सुटायचा तो थेट हळब्यांच्या खिशात. आणि एक पुरावा तर असा, की मलाही मान्य करावा लागला. दुपारी हळबे फाटकाचं कुलूप काढायला लागले, की माझ्या छातीत धडधडायचं, हाताला घाम सुटायचा. त्याच वेळी उमाळाही खिशातून निघून त्यांच्या मनगटावरून सरसरत खाली यायचा आणि त्यांच्या बोटांना बिलगायचा.

"हात धरायचाय त्याला," बाई माझ्या कानात म्हणायच्या. "तुला धीर होत नाही, तो बिचारा तुझं काम करतोय."

मग हळबे पायऱ्या उतरून दिसेनासे व्हायचे, आणि मी कठड्यावर इतकी ओणवी व्हायचे, की बाई माझ्या पदराचं टोक घट्ट धरून ठेवायच्या.

"जीव टाकते गो पोर," त्या म्हणायच्या.

मला वाटलं, असेल बाई. ह्यालाच म्हणत असतील जीव टाकणं. मी आपली समजूत करून घेतली. हळब्यांकडे बघताना लाजायचा सराव केला. आरशात बघून. माझ्या चेहऱ्याला ते जमत नव्हतं, दाढ दुखत असल्यासारखी दिसायचे.

आणि हळबे? त्यांनी आधी दोन-चार दिवस खिशाकडे दुर्लक्ष केलं. मग इस्त्रीचे शर्ट घालायला लागले. मग केसांना सुवासिक तेल. जेवताना एका हाताने खिशावर सावली धरायचे, त्याला ऊन लागू नये म्हणून. एकदा मी गुपचूप पाहिलं, ते खिशाशी बोलत होते. फुलांची लॅटिन नावं सांगत होते त्याला. उमाळा ऐकत होता की नाही कोण जाणे, पण हळब्यांचा चेहरा असा झाला होता, की मी दार न वाजवताच परत फिरले.

मग दिल्लीचं बोलावणं आलं. मोठी जागा, बंगला, मोटार. कठड्याशी उभे राहून हळब्यांनी मला हे सांगितलं.

"मिस टिपणीस, उमाळा मालकापासून दूर नेला तर काय होतं, तुम्हाला माहीतच आहे."

"आठवड्यात वाळतो. पापडासारखा."

"हो. पापडासारखा." त्यांनी खिशावर हात ठेवला. "आणि मी गेल्यावर हा इथे राहणार नाही. माझ्याबरोबर येणार. म्हणजे मग… मला वाटतं… ह्याच्या प्रकृतीच्या दृष्टीने… तुम्हीही आलात तर."

मला कळायला जरा वेळ लागला, की ही मागणी आहे.

"आणि माझं काम?" मी विचारलं.

"तिथे लावू ना तुम्हाला कुठेतरी. बंगल्याला बागही आहे म्हणे."

"आणि इथे? तुमच्या जागी?"

"मुंबईहून पाठवतील कोणी तरी. तोपर्यंत गोठोसकरबाई सांभाळतील."

माझ्या पोटात खड्डा पडला. मी तोही प्रेमाच्या खात्यात धरला. काटा सांगतोय, उमाळा सांगतोय, बाई सांगतायत. आपण नाही कशाच्या आधारावर म्हणायचं?

"बरं," मी म्हटलं.

लग्नाला हो म्हणताना जगात कोणत्याही मुलीने इतकं कोरं "बरं" म्हटलं नसेल. हळब्यांना मात्र ते पुरलं.

साखरपुडा केंद्रातच ठरला, कारण प्रवासाच्या धक्क्यांनी उमाळा दोन दिवस मलूल होतो आणि हळब्यांना तो कार्याच्या दिवशी टवटवीत हवा होता. पेणहून माझी आई आली. तिला सगळा प्रकार समजावून सांगितला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे कुमे, तुझं प्रेम त्या माणसाच्या खिशात राहतं आणि ते सगळ्यांना दिसतं?"

"हो."

"आणि लाज नाही वाटत?"

"आई, हे विज्ञान आहे."

"असेल. पण मुलगा बरा दिसतोय," आई म्हणाली, आणि ओटीची तयारी बघायला गेली. आईचं समाधान झालं होतं. आमच्या घरी माझ्या लग्नाची आशा सोडून देऊन बरेच दिवस झाले होते. मुलगी दगड आहे, असं वडील पाहुण्यांना आधीच सांगून टाकायचे.

हळब्यांचे मामा पुण्याहून पेढे आणि रेशमी सदरा घेऊन आले. व्हरांड्यात पाट मांडले, रांगोळी घातली. हळबे नवा सदरा घालून पाटावर बसले. मीही समोरच्या पाटावर बसले. आईने कुंकवाची कोयरी उघडली. तेवढ्यात गोठोसकरबाई म्हणाल्या,

"थांबा थांबा. डॉक्टर, उमाळा कुठाय?"

हळब्यांनी छातीला हात लावला. रेशमी सदऱ्याला खिसाच नव्हता. मांडीखाली पाहिलं, पाठीमागे पाहिलं. उमाळा नव्हता.

"सकाळी बरणीतून सोडला होता मी," ते म्हणाले. चेहरा पांढरा पडला होता. "आज पहिल्यांदाच आला नाही माझ्याकडे. मला वाटलं, कार्याच्या गडबडीत…"

"आटलं की काय गो प्रेम?" बाई म्हणाल्या.

"मी बघून येते," म्हणून मी शालूचा घोळ सावरत आत प्रयोगशाळेत गेले.

उमाळा तिथेच होता. भिंतीवर खुंटीला हळब्यांचा रोजचा शर्ट टांगलेला होता, आणि डाव्या खिशात वांग्याएवढं डोकं वर काढून स्वारी आरामात झुलत होती.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"काय रे," मी म्हटलं, "नवरा तिकडे पाटावर बसलाय."

तो हलला नाही.

मला वाटलं, शर्टाच्या वासाची सवय झाली असेल. मी शर्ट खुंटीवरून काढला. पण शर्टावर प्रेम असलेली मुलगी मी अजून ऐकलेली नव्हती, त्यामुळे माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. मी खिसा रिकामा करायला घेतला. आधी रुमाल काढून टेबलावर ठेवला. उमाळा खिशातच. मग फाउंटन पेन काढलं. खिशातच. कंगवा काढला. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मग खिशाच्या तळाशी बोटांना काहीतरी गार लागलं. ते बाहेर काढलं आणि उमाळा टुणकन उडी मारून माझ्या हातावर आला.

कोंडीच्या फाटकाची किल्ली.

मी ती टेबलाच्या ह्या टोकाला ठेवली, तो ह्या टोकाला गेला. त्या टोकाला ठेवली, तो धापा टाकत त्या टोकाला. कपाटावर ठेवली, तर कपाट चढायला लागला. तिकडे व्हरांड्यातून आईची हाक आली, "कुमे, मुहूर्त टळतोय!" आणि मी इकडे शालू खोचून किल्ली कपाटावरून खाली काढत होते. माझ्या छातीत तीच ती धडधड सुरू झाली होती. मुख्य म्हणजे हळबे त्या खोलीत नव्हतेच.

मी व्हरांड्यात गेले. तळहातावर किल्ली, किल्लीवर उमाळा.

"डॉक्टर," मी म्हटलं, "निरीक्षणात चूक झालीय."

आई म्हणाली, "कुमे, आधी पाटावर बस."

"कसली चूक?" मामांनी विचारलं.

"ह्याचा विषय डॉक्टर नाहीत. ही किल्ली आहे."

कोणाला काही कळेना. पण हळब्यांना कळलं. ते पाटावरून उठले. माझ्या हातातली किल्ली घेतली, उजव्या मुठीत धरली, व्हरांड्याच्या टोकाला गेले. उमाळा त्यांच्या मागे गेला. क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी किल्ली जमिनीवर ठेवली आणि स्वतः चार पावलं बाजूला झाले. उमाळा किल्लीवर बसून राहिला. त्यांनी हाक मारली त्याला. हळूच, एका फुलाच्या लॅटिन नावाने. बहुतेक त्यांनी त्याचं ते नाव ठेवलं होतं. तो वळलाही नाही.

"पुन्हा एकदा करून बघू," ते म्हणाले. पुन्हा केलं. तसंच झालं.

"निष्कर्ष स्पष्ट आहे," हळबे म्हणाले, आणि रेशमी सदऱ्याच्या बाहीने चष्मा पुसायला लागले. रेशमाने चष्मा पुसला जात नाही. ते बराच वेळ पुसत होते.

"म्हणजे हे प्रेम नव्हेच?" आईने विचारलं.

"ही हाव हो, हाव," गोठोसकरबाई म्हणाल्या. "पायऱ्या उतरून स्वतः खाली जायची हाव. अशी गुटगुटीत हाव मी आयुष्यात पाहिली नाही. आणि मी मेली पदर धरून उभी राहायची! सोडला असता तर ही कधीच खाली पोचली असती."

"हाव?" आईने कोयरी आपटून मिटली. "बायकांच्या जातीला? किल्लीची?"

"आई, मलासुद्धा आत्ताच कळलं," मी म्हटलं.

माझ्याइतकी मूर्ख दिसणारी नवरी त्या सड्यावर त्याआधी बसली नसेल आणि त्यानंतरही बसली नाही. जी मुलगी आपल्याला काही वाटत नाही म्हणून फुशारकी मारायची, तिला काय वाटतं ते तिला नाही, एका वांग्याला ठाऊक होतं.

हळब्यांनी किल्ली उचलली, उमाळ्यासकट. मला वाटलं, आता हे बाईंच्या हातात देतील. तसंच ठरलं होतं, आणि त्या क्षणी तसं केलं असतं तर कोणी त्यांना नाव ठेवलं नसतं.  माझा सगळा जीव त्यांच्या चिमटीत लटकत होता आणि तो लटकताना सगळ्यांना दिसत होता.

"तुम्ही मला कधी विचारलं का नाहीत?" ते म्हणाले.

"विचारायचं असतं हे सुचलंच नाही."

"मलाही नाही सुचलं," ते म्हणाले. "सहा वर्षं तुम्हाला वरून लिहून घ्यायला लावलं." आणि त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. "मुख्य म्हणून तुमचं नाव मी आजच कळवतो. मुंबईवाल्यांशी भांडावं लागेल, पण ते मी दिल्लीहून करेन."

उमाळ्याने किल्लीला एक विळखा घातला, समाधानाने एक ढेकर दिली, आणि माझ्या हातावर विरघळून गेला. हाताला थोडा ओलावा राहिला, बस्. मिळालेल्या गोष्टीची हाव राहत नाही ना.

पेढे मामांनी वाटून टाकले. परत न्यायचे म्हणजे एस. टी.त चुरा झाला असता.

त्याच दुपारी वाफ उठली तेव्हा मी पहिल्यांदा फाटक उघडलं. हळबे वर कठड्याशी उभे राहिले, माझ्या जागेवर, हातात पेन्सिल घेऊन. मी पायऱ्या उतरले. खाली काय होतं ते सांगत बसले तर दिवस पुरायचा नाही. मी ओरडून सांगत होते आणि वरून आवाज येत होता, "लिहिलं!" मग एका वेळी उत्तर आलं नाही. मी वर आले तोपर्यंत हळब्यांची जीप सड्याच्या उताराला लागली होती. कठड्यावर कागद नीट दगडाखाली ठेवलेले होते.

माझ्या पावलावर काहीतरी जड बसलं. ओलं, करडं, मुठीएवढं. मी पाय हलवला तर पायाला धरून बसलं.

"हे कोणाचं?" मी विचारलं.

बाईंनी मला चिमटा काढला नाही.  जीप गेली त्या बाजूला नुसतं बघितलं.

"वजन करायचंय ना?" थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "तासाभरात करायचा नियम आहे."

"राहू दे आज," मी म्हटलं. मुख्य म्हणून हा माझा पहिला हुकूम, आणि तो नियमाविरुद्ध.

आठवड्यात वाळेल, असं आम्ही दोघींनी धरलं होतं. मालक दिल्लीला. पण तो काही वाळेना. आंब्याला मोहोर आला, आंबे झाले, संपले, तरी तो माझ्या पावलावर बसून. माझ्याबरोबर रोज पायऱ्या उतरायचा, रोज चढायचा. मी त्याला हाकलत होते असं नाही. एका पायाने लंगडत चालायची मला सवय झाली होती.

पुढच्या वर्षी हळब्यांच्या लग्नाची पत्रिका आली. मुलगी लखनौची होती, गाणारी. मी पत्रिका वाचत होते आणि पावलावरचं वजन कमी झाल्यासारखं वाटलं. खाली पाहिलं तर फरशीवर नुसता ओला डाग.

"सुटलीस," बाई म्हणाल्या.

"हो ना," मी म्हटलं. "पाय कसा हलका झाला."

बाई कोंडीकडे बघत होत्या. पांढरी वाफ कठड्याच्या वर यायला लागली होती.

"वाफ निघाली, मुख्यबाई. येतेस ना?"

"आज नको," मी म्हटलं. "आज ऊन फार आहे."

बाईंनी आभाळाकडे पाहिलं. आभाळ गच्च भरलेलं होतं. त्यांनी आत जाऊन दोघींसाठी चहा टाकला, आणि वाफ पुरती विरेपर्यंत आम्ही दारं लावून बसलो.